वानखडे सरांची ओल

वानखडे सर वर्गात शिरले की फळ्याकडे न जाता आधी खिडकीकडे जायचे. उजव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं करायचे, गजांतून बाहेर धरायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग वर्गाकडे वळून सांगायचे, "आज हवा उपाशी हाये. सांभाळून राहा बे." श्रावणात कधी म्हणायचे, "आज हवेचं पोट भरलं हाये. चाला, पुस्तक उघडा." पोरं हसायची, मागच्या बाकावरची त्यांची नक्कल करायची. खामगावातल्या आमच्या शाळेतून जी पोरं बाहेर पडली त्यांना भूगोलातलं दुसरं काही आठवो न आठवो, हवेला भूक लागते एवढं पक्कं आठवतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो, आणि शिक्षक कॉलनीत त्यांच्या समोरच राहतो. मधे फक्त रस्ता आहे. त्यामुळे त्यांचं घर मला रोज दिसतं, पाहायचं नसलं तरी दिसतं.

उंच, वाळका माणूस. पांढरा शर्ट, आणि खिशात दोन रुमाल, एक कोरडा आणि एक ओला. कोरडा नाक पुसायला, ओला मानेवर टाकायला. उन्हाळ्यात सायकलच्या हँडलला पाण्याची कापडी पिशवी लटकलेली असायची. ती प्यायला नसायची. रस्त्यात कुठे सावली दिसली की थांबून तिच्यातलं पाणी डोक्यावर शिंपडायचं, आणि पुढे निघायचं.

शाळेच्या व्हरांड्यात लाकडी पाटीवर बसवलेले दोन तापमापक होते. एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, वातीचं टोक खालच्या पाण्याच्या वाटीत. सर दरवर्षी नव्या वर्गाला तिथे नेऊन उभं करायचे. हवा उपाशी असली की ती वातीतलं पाणी खाते, वात थंड पडते, ओला पारा खाली उतरतो. दोघांत जेवढं अंतर जास्त तेवढी भूक जास्त. दोन्ही पारे सारखे दिसले तर हवा तुडुंब. एवढं झालं की ते आवाज बारीक करायचे. "पन एक ध्यानात ठेवा. वाटीतलं पानी सरलं न वात वाळली, तरी बी दोन्ही सारखेच दिसतात. मंग हे यंत्र लबाड बोलते. बाहेर आग लागली असंन तरी म्हनते, हवेत पानीच पानी. म्हून आधी वाटी पाहाची, मंग पारा." हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ पुढे केला, तेव्हा सरांनी तापमापकांचा तो जुना जोड मागून घेतला. शाळेत नवं यंत्र आलंच होतं, कोणाची हरकत नव्हती.

भ्यायचं म्हणजे काय हे या माणसाला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. एकदा अमावास्येनंतर कॉलनीच्या चौकात कोणी उतारा टाकला होता. हळदीकुंकू लावलेलं लिंबू, काळी बाहुली, भाताचा गोळा. लोक सायकली वळवून दुसऱ्या गल्लीने जात होते. वानखडे सरांनी लिंबू उचललं, शर्टाला पुसलं, घरी नेलं आणि त्याचं सरबत केलं. मी समोरून सगळं पाहत होतो म्हणून मलाही हाक आली. "या सर. उन्हाळा हाये, लिंबं म्हाग झाली, काऊन वाया जाऊ द्याचं?" सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्यादेखत पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाये." मला तहान नाही असं मी सांगितलं. सरांना कळायचं ते कळलं.

भीती होती ती एकाच गोष्टीची. ती मला एका दुपारी त्यांच्यासोबत कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यावरून जाताना समजली. जीन आता बंद आहे, पत्रे उडालेत. सर सायकलवरून उतरले आणि भिंतीकडे पाहत उभे राहिले.

"माहा बाप इथी कामाले व्हता," ते म्हणाले. "यंत्रात कापूस घालाच्या आधी त्याच्यावर पानी शिपडत. त्या रोजी टाकी कोरडी व्हती. मुकादम म्हने, चालू द्या. काय झालं मालूम नाई, ठिनगी उडाली न पुरा ढीग पेटला. माह्या बापानं वल्लं पोतं तोंडावर घेतलं न बाहेर आला. त्याच्या बाजूचे दोघं आले नाई."

"मग?"

"मंग काय. मरेस्तोवर त्यानं घरात एक पोतं वल्लं करून ठेवलं. म्हने, कोरडं मारते, वल्लं वाचवते."

त्यानंतर ही म्हण मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! नळाला पाणी आलं की, पोरीला ताप आला की, स्टाफरूममध्ये भांडण पेटलं की सुद्धा.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात सुमनवहिनींना न्यूमोनिया झाला. अकोल्याला दवाखान्यात बरेच दिवस काढून त्या घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. मुलगी दीपाली पुण्याहून आली, आणि येताना आईसाठी एक झाड घेऊन आली. कोबीच्या लहान गड्ड्यासारखं, मखमली पानांचं, मातीशिवाय नुसतं पाण्यावर तरंगणारं. नर्सरीवाल्याने तिला पाणकोबी म्हणून सांगितलं होतं. काचेच्या पसरट भांड्यात सोडून तिने ते आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "बाप्पा, इथी मानसं वाळतात, हे कसं जगंन?"

त्या हे सहज बोलल्या होत्या. सरांनी ते मनाला लावून घेतलं.

होळीच्या सुमारास पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. सरांनी नर्सरीवाल्याला फोन लावला. मी तिथेच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. तो माणूस म्हणाला, हवेत ओलावा ठेवा, पण वारा खेळता ठेवा. कोंडलेल्या ओलीत पानं सडतात. सरांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा तसाच सोडून दिला. त्याच दुपारी दाराला ओलं पोतं लागलं. दोन-चार दिवसांत भांड्यात मूळ झाडाला चिकटून एक इवलं पिल्लू दिसलं, आणि नेमक्या त्याच दिवशी वहिनींनी बऱ्याच दिवसांनी आख्खी भाकर खाल्ली.

पुढे एकदा पान गळलं त्या रात्री वहिनींना ताप भरला. पुन्हा एकदा तसंच झालं. मग सर सकाळी उठल्यावर बायकोच्या कपाळाला हात लावायच्या आधी भांड्यात डोकावायला लागले.

मी त्यांना टोकलं. "सर, उताऱ्याचं लिंबू पिणारे तुम्ही. हे काय चाललंय?"

"हे निरीक्षन हाये," ते म्हणाले. "लिंबाचं अलग न याचं अलग. एकाच खोलीतली हवा दोघं घेऊन राह्यले. झाडाले कमी पडलं तं तिले बी कमी पडंन. साधी गोष्ट हाये."

ऐकायला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटायचं. मला त्याचीच धास्ती वाटली. अडाण्याची अंधश्रद्धा निदान तशी ओळखू तरी येते.

चैत्रात मी त्यांच्याकडे गेलो आणि दारातच थबकलो. बाहेर झळा लागत होत्या, आत मात्र अंगाला चिकटणारा गारवा. दोन्ही दारांना ओली पोती. खिडकी बंद, फटींत ओल्या चिंध्या कोंबलेल्या. कूलर खिडकीतून काढून खोलीच्या आतच ठेवलेला, आतलीच हवा आत फिरवत होता. कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली ठेवावी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजतं. पाणकोबीच्या भांड्यावर वरून आणखी एक काच झाकलेली, आणि काचेच्या आतून थेंब पानांवर टपकत होते. भिंतीवर तो शाळेतला जोड टांगलेला. सर मला हात धरून तिथे घेऊन गेले. वाटी भरलेली आहे हे आधी दाखवलं, मग पारे.

"पाहा. दोन्ही सारखे. बाहेर हवा भुकीनं मरून राह्यली, न इथी पाहा."

मला वास आला. पावसात भिजून सावलीत पडलेल्या पोत्यांचा असतो तसा. कॅलेंडरच्या कडा वाकल्या होत्या आणि त्यांच्यावर काळे ठिपके होते. सर रोज भिंती पुसायचे, भिंती स्वच्छ होत्या. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या.

"भाऊजी, या खोलीत पापड ठेवला तं घंट्याभरात त्याची नरम पोई होते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेचना. सरांनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरला. पेला बायकोच्या तोंडाशी होता आणि डोळे स्टुलावरच्या भांड्यावर. ते मी पाहिलं.

वहिनींना डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला नेलं तेव्हा मी सोबत होतो. बाईंनी छाती तपासली, पुन्हा तपासली. "घरात कुठे ओल आहे का? भिंतीला, कपाटामागे?"

"तशी ओल नाई. आर्द्रता हाये. मी मोजून ठेवतो," सर म्हणाले.

"मोजू नका, खिडक्या उघडा. यांची फुप्फुसं आधीच नाजूक झालीत. बुरशी श्वासातून गेली तर त्यांना झेपणार नाही. कोरडी, मोकळ्या हवेची खोली द्या."

"बुरशीचा एक डाग मले दाखवून द्या," सर शांतपणे म्हणाले. परत येताना ऑटोत त्यांनी निकाल दिला. "बाई हुशार हाये. पन हिकडची नाई. तिले आपली हवा मालूम नाई. कोरडी खोली द्या म्हनते, खामगावात, वैशाखात."

त्यांच्या मांडीला मांडी लावून वहिनी बसल्या होत्या. त्या ऑटोच्या उघड्या बाजूला तोंड करून मोठमोठे श्वास घेत होत्या. गरम वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता आणि चेहरा सुखावलेला दिसत होता. सरांनी ओला रुमाल काढून त्यांच्या नाकातोंडावर धरला. त्यांनी तो धरू दिला.

वैशाखात दीपाली आली. दारातली पोती तिने एका हिसक्यात ओढून काढली. "बाबा, हे घर हाये का इहीर?" तिने खिडक्या उघडल्या, कूलर परत खिडकीत बसवला, भांड्यावरची काच काढून फेकली. सर बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. दिवसभर घरातून गरम वारा आरपार गेला. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या होत्या. आणि दिवेलागणीला वहिनींचा श्वास चढला. इतका, की त्यांना उचलून गाडीत घालावं लागलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावताना बाई स्पष्ट म्हणाल्या, हे आजचं नाही, हे कित्येक आठवड्यांचं साचलेलं आहे. दीपालीने ऐकलं, मी ऐकलं. सर भिंतीला टेकून उभे होते. ते लेकीला म्हणाले, "पाह्यलं? एक दिवस उघडलं."

तिने त्यानंतर पोत्यांना हात लावला नाही. आपल्याच हाताने काही झालं की काय, ही शंका तिच्याही मनात घुसली असावी. वहिनी घरी आल्या, पोती पुन्हा लागली. आईला पुण्याला घेऊन जाते, एवढं मात्र दीपाली रोज म्हणत राहिली, आणि वहिनी रोज नाही म्हणत राहिल्या. शेवटी ती एकटीच गेली.

वहिनी नाही का म्हणाल्या, ते त्यांनी मला फाटकाशी सांगितलं. सर नवी पोती आणायला बाजारात गेले होते. त्या भिंतीला धरत धरत अंगणात आल्या होत्या, नुसत्या हवेसाठी.

"भाऊजी, मले समजत नाई असं नोका समजू. त्या खोलीत माहा जीव गुदमरते. रोज वाटते, उठावं न खिडकी उघडावी."

"मग उघडा ना, वहिनी."

"उघडली तं झाड वाळंन. झाड वाळलं का हे माह्या तोंडाकडे पाहातीन, का आता ही चालली. हे कशालेच भेत नव्हते हो. त्याईची थे नजर मले पाहावत नाई. त्यापरीस खोकला बरा."

मला राग आला, दोघांचाही आला. त्याच संध्याकाळी मी सरांशी भांडलो, आवाज चढवून भांडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं ऐकून खिडकी उघडली न तिले काई झालं, तं जिम्मा तुमचा?" मी घरी आलो आणि जेवलो नाही.

वैशाख सरला, ज्येष्ठ सरला. पावसाळा लागला आणि पुऱ्या खामगावची हवाच ओली झाली. सर खूष होते. पाणकोबी भांड्यात मावेना. एका झाडाची किती झाडं झाली, ती टबात सोडली, बादलीत सोडली, तरी उरली. सर स्टीलच्या डब्यात एकेक रोप घालून कॉलनीभर वाटत फिरले. मलाही दिलं. "उन्हाळा काढला, सर. आता भेव नाई. आता हवेचं पोट भरलं." इतके मोकळे ते किती तरी महिन्यांत दिसले नव्हते. त्यांच्या पाठीमागे दारातून खोकल्याचा आवाज येत होता, आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता. खिडकी बंदच होती. ती उघडायची आता गरज काय, असं ते म्हणाले.

श्रावणात एका सकाळी सर चहा घेऊन खोलीत गेले. वहिनी गेलेल्या होत्या. स्टुलावर पाणकोबी हिरवीगार होती, भांड्याच्या काठावरून बाहेर सांडत होती.

वहिनींना खाली जमिनीवर घ्यायचं म्हणून पलंग सरकवावा लागला, आणि पलंगाला जागा करायला लोखंडी कपाट. आम्ही शेजारचे चौघे लागलो. कपाट भिंतीपासून सुटलं तसा एक दर्प आला आणि एकाने नाकाला रुमाल लावला. कपाटामागची भिंत फरशीपासून खांद्यापर्यंत काळी होती. डाग नव्हते, एकच पसरलेलं काळं, मऊ, केसाळ. ते जिथे वाढलं होतं, तिथून वहिनींची उशी हातभर लांब होती.

सर पुढे झाले. त्यांनी उजव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकवला, काढला आणि पाहिला. तो काळा झाला होता.

"हे कवापासून हाये?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते आम्हाला विचारलं. मग ते तसेच बाहेर गेले. दीपाली येईपर्यंत सगळं थांबलं होतं. कोणी तरी हात धुवायला पाणी दिलं, ते त्यांनी पायाशी ओतून टाकलं. अग्नी दिला तेव्हाही तो तळवा तसाच काळा होता.

त्यानंतर त्या घराची खिडकी मी कधी बंद पाहिली नाही. थंडीत गार वारा येवो, धूळ येवो, दारं सताड उघडी. दीपालीने न्यायचा खूप प्रयत्न केला, ते गेले नाहीत. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटले की मुद्दाम विचारायचे, सर, आज हवा कशी आहे? ते न बोलता पुढे जायचे. ओला रुमाल गेला, सायकलची पिशवी गेली.

यंदा वैशाखात एका दुपारी मी पाण्याचा तांब्या आणि माझ्याकडच्या पाणकोबीचं एक रोप घेऊन रस्ता ओलांडला. बाहेरच्या झळा घरातून आरपार वाहत होत्या, आतबाहेर काही फरक नव्हता. सर जिथे पलंग होता तिथे, फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. भिंत त्यांनी खरवडून विटांपर्यंत उघडी केली होती. स्टुलावर काचेचं भांडं होतं. पाणी आटून तळाशी पांढरा थर राहिला होता, आणि त्यावर पाणकोबीची पानं. मी एकाला बोट लावलं तर चुरा झाला.

त्यांनी माझ्या हातातल्या रोपाकडे पाहिलं. "हे कोनतं?"

"तुम्हीच दिलेलं. त्याचंच पिल्लू."

"उन्हाळ्यात जगलं? कुठी ठेवलं व्हतं?"

"मागच्या टाकीत. कडुनिंबाखाली."

"काई झाकत व्हते?"

"नाही."

"वारा लागते तिथी?"

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पण सर खरं-खोटं ओळखत होते. "लागतो," मी म्हणालो. "दिवसभर."

त्यांनी मान हलवली. वर्गात खिडकीबाहेर बोट धरून हलवायचे, तशीच. मग भिंतीवरच्या जोडाकडे हात केला. "दोन्ही सारखे हायेत सर. पाहा. हवेचं पोट भरलं हाये."

मी पाहिलं. दोन्ही पारे खरोखरच एका रेषेत होते, अगदी वर. खालची वाटी रिकामी होती आणि वात वाळून कडक झाली होती. मी तांब्या उचलला.

"सर, वाटी कोरडी आहे."

"मालूम हाये," ते म्हणाले. "भरू नोका."

मी तांब्या खाली ठेवला.